निळी तापली तेव्हा

लंडनमध्ये, ईलिंगच्या हॉलमध्ये गणपतीच्या जेवणाला कोणी नवीन माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला विचारतो, "तुम्ही काय करायचात?" सुहासचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, उत्तर सोपं असतं. तो हाडांचा डॉक्टर. माझ्यावर पाळी आली की मी सांगते, "स्नोमोबिल. दुरुस्त करायचे आणि विकायचे." लोक आधी हसतात आणि मग थांबतात, कारण मी हसत नसते. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी मला समजावलं की या देशात दोन इंच बर्फ पडला तर ट्रेन बंद होतात, इथे स्नोमोबिल कोण घेणार? माझी मुलगी मीरा शेजारीच बसली होती. ती इन्व्हर्नेसला जन्मली, आता बेसिंगस्टोकला नोकरी करते. ती म्हणाली, "काका, आईचा स्टोरी ऐका. लॉन्ग आहे, पण वर्थ इट आहे." काका मोदकांकडे वळले. म्हणून आता लिहूनच काढते.

आधी ही गाडी कशी असते ते सांगते. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मधे मोटरसायकलसारखी सीट. इंजिन पट्टा फिरवतं, पट्टा बर्फ मागे ढकलतो आणि गाडी पुढे जाते. स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये ती हौसेपेक्षा कामासाठीच जास्त वापरतात. स्की सेंटरवर 'पेट्रोल' असतं, म्हणजे उतारावर पडलेल्या माणसांना खाली आणणारी टीम. त्यांना ती लागते. मोठमोठ्या इस्टेटींवर हरणांची देखभाल करणाऱ्या गेमकीपरना लागते. बर्फात अडकलेल्या मेंढ्यांना चारा न्यायचा असला की शेतकऱ्यांना लागते. आमच्या खोऱ्यात सगळ्या मिळून पंचवीस-तीस गाड्या असतील. पण त्यातली कोणती चांगली यावरून पबमध्ये जे वाद व्हायचे ते ऐकून वाटावं की देशाचा पंतप्रधान ठरतोय.

जगात या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. प्रत्येकीचा एक रंग ठरलेला, आणि चालवणारे नाव घेतच नाहीत, रंगच बोलतात. मीही इथे नावं घेणार नाही. रंगसुद्धा बदलून लिहिते आहे, म्हणजे कोणाला ओळखायचा मोह झाला तरी ओळखता येऊ नये.

मला ही नोकरी मिळाली ती पुण्याच्या स्कूटरमुळे. सुहासला इन्व्हर्नेसच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. माझ्याकडे ऑटोमोबाइलचा डिप्लोमा आणि पुण्याच्या एका स्कूटर सर्व्हिस सेंटरमधला चार वर्षांचा अनुभव होता. दोन्हींचा तिथे उपयोग शून्य, असं मला आधी वाटलं. मग शहरापासून तासाभरावर डगची जाहिरात दिसली. डगचं शेतीच्या यंत्रांचं दुकान होतं: क्वाड बाइक, करवती आणि हिवाळ्यात स्नोमोबिल. उंच, लालबुंद चेहऱ्याचा, गुडघा दुखतो म्हणून एका बाजूला झुकून चालणारा माणूस. त्याने माझी सर्टिफिकेटं पाहिलीच नाहीत. बाकावर एक उघडलेला क्लच ठेवला आणि म्हणाला की हे काय आहे ते सांग.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. दोन शंकूसारख्या चकत्या, मधे बेल्ट, वेग वाढला की चकत्या जवळ येतात आणि बेल्ट वर सरकतो. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये हेच असतं! पुण्यात अशा शेकडो स्कूटर मी उघडल्या होत्या. मी सगळं सांगितलं, वर चकतीतला एक रोलर एका बाजूने झिजलाय हेही दाखवलं. डगने रोलर उजेडात धरून बघितला आणि सोमवारपासून ये म्हणाला.

त्या काळी आमच्या खोऱ्यात केशरीचं राज्य होतं. केशरी म्हणजे जड, रुंद पट्ट्याची, पंख्याच्या हवेने थंड होणारी गाडी. वेग बेताचा. चढावर ती म्हशीसारखी जायची, पण जायची. डग तिचा डीलर होता आणि तिचे सगळे पार्ट आमच्या मागच्या खोलीत असायचे. लोक केशरी का घेतात याचं खरं कारण तेच होतं, हे मला दोन हिवाळ्यांत कळलं. बेल्ट तुटला तर तासाभरात मिळेल, एवढ्यावर निम्मी लोकप्रियता उभी असते. उरलेली निम्मी कशावर, ते कळायला बरीच वर्षं लागली.

केशरीचा सर्वांत मोठा भक्त होता सँडी. साठी ओलांडलेला गेमकीपर, उत्तरेकडच्या इस्टेटीवर एकटा राहायचा. सर्व्हिसिंगला गाडी आणली की माझ्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक नट मोजायचा. एकदा मी तेल बदलताना तो म्हणाला की तू गाडीशी कुठल्या भाषेत बोलतेस? मी मराठीत पुटपुटत होते ते मलाच माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला त्याने त्यातला एक शब्द शिकून आणला होता. तो इथे छापता येण्यासारखा नाही.

मग निळी आली.

निळी आधीपासून होती, पण अमेरिकेत, कॅनडात. तिथल्या खोल, भुसभुशीत बर्फात तिने धुमाकूळ घातला होता. केशरीपेक्षा कितीतरी हलकी, बटणाने सुरू होणारी, इंजिन पाण्याने थंड होणारं. स्की पेट्रोलमधल्या दोघांनी एक हिवाळा कॅनडात काम केलं आणि परत आल्यावर ते दुसरं काही बोलेचनात. मग सगळेच व्हिडिओ बघायला लागले. ज्यांनी निळीला कधी हात लावला नव्हता ते केशरीला 'ट्रॅक्टर' म्हणायला लागले. गाडी तीच, डोंगर तोच, आणि एका हिवाळ्यात ती म्हातारी झाली!

मी डगच्या मागे लागले की आपण निळी घेऊया. तो नको म्हणत होता. मी वर्षभर पिच्छा पुरवला आणि शेवटी त्याने डीलरशिप घेतली, अट एकच: विकायची मी.

जानेवारीत आम्ही डोंगरावर डेमो ठेवला. आदल्या दिवशी ताजा बर्फ पडला होता, गुडघाभर, पिठासारखा. मी स्वतः पहिल्यांदा तिच्यावर बसले आणि अंगठ्याने थ्रॉटल दाबला. काय सांगू! गाडी बर्फातून जातच नव्हती, वरून तरंगत होती. ज्या चढावर केशरीला तीन वळणं घ्यावी लागायची तिथे मी सरळ वर. वर पोचले तेव्हा मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. माझं वय तेव्हा बेचाळीस.

माझ्यानंतर मोराग बसली. मोराग स्की पेट्रोलची प्रमुख, कमी बोलणारी, तिच्या एका शब्दावर अख्खं खोरं गाडी घेईल किंवा घेणार नाही अशी. ती अर्धा तास डोंगराआड गेली. परत आली तेव्हा तिच्या भुवयांवर बर्फ होता आणि ती हसत होती. मोरागचे दात मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पेट्रोलने तीन निळ्या घेतल्या, पाठोपाठ शेतकऱ्यांनी घेतल्या. केशऱ्या बदल्यात परत आल्या आणि आमच्या अंगणात रांगेने उभ्या राहिल्या. फक्त सँडी हलला नाही. ज्या गाडीवर डोंगराऐवजी तापमानाचा काटा बघावा लागतो ती मला नको, असं तो म्हणाला. मी हसले.

पण तो काटा मलाही ठाऊक होता. निळीचं पाणी थंड होतं ते बर्फानेच. पट्टा फिरताना बर्फ उडतो, वरच्या कूलरवर आदळतो आणि आतलं पाणी थंड करतो. भुसभुशीत बर्फात हे झकास चालतं. पण बर्फ दगडासारखा कडक असेल तर उडणार काय? पुस्तिकेत एक ओळ होती की कडक बर्फावर सलग चालवू नये, इंजिन तापेल. ती मी वाचली होती, पेन्सिलने खूणही केली होती. आणि आमचे डोंगर कॅनडासारखे नाहीत. इथे वारा सगळा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो, पाऊस पडतो, रात्रीत सगळं गोठतं. मार्चमध्ये निम्मा डोंगर काचेसारखा असतो. हे मी मोरागला सांगितलं नाही. विसरले असं नाही. सगळे इतके खूश होते, मी इतकी खूश होते, की ती एक ओळ मधे आणायची मला इच्छा झाली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, मोरागचा फोन आला. डोंगराच्या पलीकडच्या खळग्यात एका बाईचा पाय मोडला होता. तिला स्ट्रेचरच्या घसरगाडीत बांधून, निळीच्या मागे जोडून, मधली धार चढून अलीकडे आणायचं होतं. धार पूर्ण गोठलेली. पहिली निळी अर्ध्या चढावर तापून बंद पडली. दुसरी मदतीला निघाली, ती तिथवरही पोचली नाही. तिसरी आमच्याच दुकानात क्लचसाठी उघडलेली. वारा इतका की हेलिकॉप्टर येणार नव्हतं. मोराग म्हणाली, "तुझ्याकडे एखादी केशरी चालू आहे का?" बस, तेवढंच.

डग आणि मी अंगणातली पहिली केशरी ओढली. दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झालं. ट्रेलरवर चढवून वीस मिनिटांत स्की सेंटरच्या पार्किंगला. पेट्रोलची सगळी माणसं वर त्या बाईपाशी होती, डगचा गुडघा कामाचा नव्हता. मी हेल्मेट घातलं.

मी चांगली मेकॅनिक आहे, पण रायडर साधारण. त्या चढावर पट्टा घसरत होता, वारा आडवा बसत होता आणि केशरी आपली जात होती, हळू, ठाम. मी तिच्याशी मराठीत बोलत होते, आणि या वेळी मला ते माहीत होतं. धार ओलांडून त्यांच्यापाशी पोचले तेव्हा मोराग त्या बाईवर वाकून वारा अडवत होती. बाईचे ओठ निळसर झाले होते. मोरागने माझ्याकडे पाहिलंही नाही. घसरगाडी केशरीला जोडली, हँडल माझ्या हातातून घेतलं आणि धार ओलांडून गेली. बाकीचे स्कीवर मागोमाग. एक जण माझ्यासाठी मागे थांबला.

बंद पडलेल्या निळीपाशी मी उभी होते. राग, लाज, थंडी, काय आधी वाटत होतं सांगता येत नाही. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी खिशातल्या पान्याने पायाखालचा बर्फ खरवडायला लागले. मुठीमुठीने तो चुरा पट्ट्याखालून वर कूलरवर कोंबला. वाफ आली. आणखी कोंबला. पाच-सात मिनिटांनी बटण दाबलं आणि निळी सुरू! मी थांबत, खरवडत, पुन्हा कोंबत ती धारेवरून खाली आणली. आणि येताना डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: तिला जास्त बर्फ नकोच आहे, फक्त चुरा हवा आहे. आणि चुरा चालता चालता पाडता येईल.

संध्याकाळी सुहास घरी आला. पेशंटबद्दल तो घरी कधी बोलत नाही. त्या दिवशी बूट काढताना एवढंच म्हणाला की डोंगरावरून आज एक जण फार गारठून आली, पण आता ठीक आहे. मग त्याने विचारलं, "तुझी गाडी होती का?"

"हो," मी म्हटलं. "आणि ती तिथे बंद पडणार हे मला आधीपासून माहीत होतं."

त्याने मला समजावलं नाही, रागावलाही नाही. चहा केला आणि समोर बसला. मी त्याला पुस्तिकेतल्या ओळीबद्दल सांगितलं. ती ओळ मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली ती त्याच्यासमोर.

लोकप्रियतेची उरलेली निम्मी कशावर उभी असते ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. बोलण्यावर. सोमवारी दुपारपर्यंत अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं की निळी तापते. बुधवारी ती पेट घेते असं झालं. शुक्रवारी एका शेतकऱ्याने फोन करून विचारलं की ती उभी असताना स्फोट होईल का. जी माणसं जानेवारीत तिच्यावर जीव टाकत होती तीच आता म्हणत होती की आम्हाला पहिल्यापासून शंका होती. गाड्या परत घ्या, असे फोन यायला लागले. डग म्हणाला की चालवणाऱ्यांनी काटा बघायला हवा होता, असं आपण सांगू. ते खोटंही नव्हतं. पण मी नाही म्हटलं.

मी मोरागकडे गेले. पेट्रोलच्या खोलीत ती दोरखंड वाळत घालत होती. मी पुस्तिका उघडून ती ओळ दाखवली, पेन्सिलच्या खुणेसकट.

तिने ती दोनदा वाचली. "ही खूण कधीची?"

"डेमोच्या आधीची."

पुस्तिका मिटून ती म्हणाली, "गाडी कुठवर जाते ते मला कोणीही सांगेल. कुठे थांबेल ते तू सांगायला हवं होतंस. मी तिथे दुसरी गाडी ठेवली असती."

मी फक्त म्हटलं की मला एक दिवस दे.

चुरा पाडण्याची युक्ती मी शोधलेली नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. दुकानातला सगळ्या गाड्यांच्या पार्टचा कॅटलॉग चाळला तर ती पन्नासाव्या पानावर होती: स्प्रिंगच्या तारेचे दोन आकडे, स्कीच्या मागे लावायचे, जमिनीला घासत जातात आणि कडक बर्फ खरवडून चुरा पट्ट्याकडे उडवतात. कॅनडातल्या गोठलेल्या वाटांवर लोक ते सर्रास वापरत होते. इतकी वर्षं मी ते पान उलटत होते! मागवायला आठवडा लागला असता, म्हणून मी आणि डगने जुन्या गवत गोळा करायच्या यंत्राच्या स्प्रिंगा कापून, वाकवून पहिली जोडी दुकानातच बनवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या मागचा गोठलेला उतार. मोराग आली, चार-पाच शेतकरी आले, आणि सँडी, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं, तोही येऊन कुंपणाला टेकला. आधी आकडे वर बांधून मोरागने निळी चालवली. काटा चढला, चढला, धोक्याचा दिवा लागला. ती थांबली. मी आकडे खाली सोडले. ती पुन्हा निघाली, तोच उतार, तोच बर्फ. आकड्यांमागे पांढऱ्या चुऱ्याचे दोन फवारे उडत होते. माझं लक्ष फक्त तिच्या हेल्मेटकडे, कारण काटा तिलाच दिसत होता. एक फेरी. दोन. तिसऱ्या फेरीला तिने डावा हात वर केला आणि अंगठा खाली दाखवला. मी खिशातून पाना काढला. मग ती जवळ आली आणि कळलं की ती सांगत होती, काटा खाली आलाय! मी डगला मिठी मारली. स्कॉटिश माणसाला भर सकाळी, चार लोकांसमोर. तो बिचारा लाकडासारखा उभा राहिला.

त्या आठवड्यात प्रत्येक निळीला आकडे लावले, प्रत्येकाच्या घरी जाऊन. आणि प्रत्येकाला ती ओळ वाचून दाखवली, आणि ती मी लपवली होती हेही सांगितलं. दोघांनी तरीही गाड्या परत दिल्या. एक जण माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. मोरागने तिन्ही ठेवल्या, पण एक केशरीही परत नेली आणि धारेच्या पलीकडे शेडमध्ये उभी केली. ज्या बाईचा पाय मोडला होता तिने उन्हाळ्यात पेट्रोलला केक पाठवला. त्यातला एक तुकडा मोरागने दुकानात आणून माझ्या बाकावर ठेवला आणि गेली.

निळीचं नाव घसरायला आठवडा लागला होता; सावरायला तीन हिवाळे लागले. आणि गंमत अशी की त्याच काळात केशरी बनवणाऱ्या कंपनीने या गाड्याच बंद केल्या. चांगली गाडी होती, पण जगभर तिला 'ट्रॅक्टर' म्हणणारे जास्त झाले. सँडीने तीन वर्षं आमच्या मागच्या खोलीतले पार्ट संपवले. मग एका ऑक्टोबरमध्ये तो आला, निळीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाला की ही कुठे कुठे थांबेल ते सगळं सांग. मला पाऊण तास लागला. त्याने ऐकून घेतलं आणि गाडी घेतली.

हळूहळू सगळेच तसं विचारायला लागले. गाडी विकणं कठीण झालं खरं, पण विकलेली परत येईनाशी झाली.

मी निवृत्त झाले तोवर डग दुकान पुतणीला देऊन फक्त चहा प्यायला येत असे; त्या हिवाळ्यात तिने डेमोसाठी एक नवी गाडी आणली होती. विजेवर चालणारी. खोऱ्यात पुन्हा तीच हवा: अर्धे म्हणत होते हेच भविष्य, अर्धे म्हणत होते खेळणं आहे. मी मोरागला आधीच सांगितलं: कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरेल, पलीकडच्या खळग्यापर्यंत जाऊन परत येण्याचा भरवसा धरू नकोस, घसरगाडी ओढत असशील तर मुळीच नाही. तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "पहिली तू जा."

सकाळ होती, वारा पडलेला, वर ताजा बर्फ. मी अंगठा दाबला. गाडी निघाली आणि मला वाटलं की ती सुरूच झाली नाही. इंजिन नव्हतं. पन्नासएक मीटर गेल्यावर कानात एक आवाज यायला लागला, बारीक, सलग, रेशमी कापड फाडावं तसा. मी थांबले, तो थांबला. पुढे गेले, पुन्हा आला. तो पट्ट्याखालच्या बर्फाचा आवाज होता. उभी हयात मी बर्फावरच्या गाड्यांमध्ये घालवली होती आणि बर्फ ऐकत होते पहिल्यांदाच. मागून मोराग हात हलवून बोलावत होती, तिची पाळी होती म्हणून. मी तिला दोन बोटं दाखवली, अजून दोन फेऱ्या, आणि चढाकडे वळले.